पंकवाल्याने रॉकाबिलीत शिरायचं तर कुठल्या दाराने?

कर्णकटू
नमस्कार मंडळी. शाळेत असल्यापासून पंक ऐकतोय, बाकी संगीतात मी ढ आहे हे आधीच कबूल करतो. रमोन्स, क्लॅश, मिसफिट्स, रॅन्सिड, एवढ्यात माझं भागतं. परवा 'लंडन कॉलिंग' कितव्यांदा तरी लावला होता. दुसऱ्या गाण्याला, म्हणजे 'ब्रँड न्यू कॅडिलॅक'ला, पहिल्यांदाच जाणवलं की हे बाकीच्यांच्या जातकुळीतलं नाही. शोधलं तर ते क्लॅशचं नव्हतंच. व्हिन्स टेलर नावाच्या माणसाचं, १९५९ सालचं. मूळ ऐकलं आणि चाटच पडलो. वीस वर्षं जुनं गाणं या लोकांनी जवळजवळ होतं तसं उचललंय आणि तरी ते पंक वाटतं!

मग हुरूप आला. 'सर्वोत्तम रॉकाबिली' अशी शंभर गाण्यांची तयार यादी लावली. विसाव्या गाण्याला डुलकी. सगळं गुळगुळीत, सगळ्यांचे केस चोपडलेले, सगळ्यांना शनिवारी रात्री नाचायला जायचंय. मग सायकोबिलीची, म्हणजे रॉकाबिलीत पंक मिसळलेल्या प्रकाराची, यादी लावली तर शवपेट्या आणि वटवाघळं. गोंगाटाला माझी ना नाही, पण एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं तेच कळेना.

तर या दोन टोकांच्या मधे काहीतरी असेल ना? आधी जुनं ऐकू की नवं? आणि हात जोडतो, शंभर नावं देऊ नका. चार द्या, पण का ते सांगा.

रात्रपाळी
वाचतोय. मलाही हेच विचारायचं होतं, लाज वाटत होती.

जुनी_सुई
यादी लावलीत तिथेच घोळ झाला. ही गाणी शंभर सलग ऐकायला केलेलीच नव्हती. तबकडीच्या एका बाजूला एक गाणं, दोन-सव्वादोन मिनिटांचं. संपलं की उठा, उलटा. प्रत्येक गाण्याला तेवढ्या वेळातच तुमचं लक्ष खेचायचं होतं. एकावर एक शंभर जणांनी कॉलर धरली की माणूस बधिर होणारच.

मुळाचं थोडक्यात सांगतो. ५ जुलै १९५४, मेम्फिस, सॅम फिलिप्सचा स्टुडिओ. एकोणीस वर्षांचा एल्व्हिस, गिटारवर स्कॉटी मूर, डबल बेसवर बिल ब्लॅक. ड्रमवाला नाहीच. आर्थर 'बिग बॉय' क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचं 'दॅट्स ऑल राइट' हे ब्लूज गाणं त्यांनी उडवत, जवळजवळ चेष्टेत वाजवलं आणि फिलिप्सने तेच छापलं. तबकडीच्या मागच्या बाजूला बिल मन्रोचं 'ब्लू मून ऑफ केंटकी', मुळात संथ, तीन मात्रांचं. ते चारच्या ठेक्यात घालून पळवलं. म्हणजे एका बाजूला काळ्यांचं गाणं, दुसऱ्या बाजूला गोऱ्या खेडुतांचं. 'हिलबिली' म्हणजे डोंगरातला गावंढळ, हिणवण्याचाच शब्द. तो रॉकला जोडला की झालं रॉकाबिली.

पण तुम्हाला मी एल्व्हिस लावायला सांगणार नाही. जॉनी बर्नेट आणि त्याच्या त्रिकुटाचं १९५६चं 'द ट्रेन केप्ट अ-रोलिन' लावा. त्यातली गिटार अशी फाटलेली आहे की सालच खोटं वाटावं. गिटारवाला पॉल बर्लिसन सांगायचा की अँप्लिफायर हातून पडला, आतली एक नळी सैल झाली आणि हा आवाज आला. (रेकॉर्डवरची गिटार त्याची की स्टुडिओतल्या ग्रेडी मार्टिनची, यावर अभ्यासकांची भांडणं अजून चालू आहेत.) दुसरं, लिंक रेचं 'रंबल', १९५८. यात शब्दच नाहीत. तरीही काही शहरांतल्या रेडिओवाल्यांनी ते वाजवायला नकार दिला, कारण 'रंबल' म्हणजे टोळ्यांची मारामारी. हवा तसा आवाज मिळेना म्हणून या माणसाने स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली होती. पंकवाल्याला याहून जास्त काय हवं?

तिसरा एडी कॉक्रन. सिड व्हिशसचं १९७९चं 'समथिंग एल्स' ऐकलं असेल तर तुम्ही कॉक्रनच ऐकलाय. चौथी वांडा जॅक्सन, 'फुजियामा मामा', १९५७. चोपडलेले केस वगैरे जे म्हणालात ना, ते तिचा आवाज ऐकून परत म्हणून दाखवा. बाकी सध्या कोणी नको.

अवांतर: 'लंडन कॉलिंग'चं कव्हर आणि एल्व्हिसच्या १९५६च्या पहिल्या अल्बमचं कव्हर शेजारी शेजारी ठेवा. तीच गुलाबी-हिरवी अक्षरं, त्याच जागी. एकाच्या हातात गाताना छातीशी धरलेली गिटार, दुसऱ्याच्या हातात जमिनीवर आपटायला उगारलेला बेस. तुम्ही इतकी वर्षं दारातच उभे होतात.

भुताटकी
काका, सगळं मान्य, पण पंकवाल्याला थेट १९५६ मध्ये नेऊन सोडलंत तर तो परत पळून येईल. तुमच्या चार गाण्यांनंतर पाचवं तो त्याच झोपेच्या यादीतून उचलणार. मी म्हणतो, आधी मीटिऑर्स.

१९८०, लंडन. गिटारवर पी. पॉल फेनेक, बेसवर नायजेल लुइस, दोघे रॉकाबिलीतले. ड्रमवर मार्क रॉबर्टसन, तो पंकमधला. आता हे किती अवघड होतं ते बघा. १९७७च्या उन्हाळ्यात लंडनच्या किंग्ज रोडवर टेडी बॉइज (पन्नाशीच्या दशकातले कपडे आणि रॉक अँड रोल जपणारे) आणि पंक एकमेकांना शोधून शोधून बदडत होते. टेडी बॉइजना वाटायचं की या पोरांनी आपल्या कपड्यांची आणि आपल्या संगीताची टिंगल चालवलीय. तीनच वर्षांत हे तिघं दोन्ही एका मंचावर घेऊन उभे राहिले, वर गाण्यांत भुतं आणि परग्रहवासी. जुन्या रॉकाबिलीवाल्यांना ते पचलं नाहीच. 'इन हेवन' हा १९८१चा अल्बम ऐका. आज तो मवाळसुद्धा वाटेल, पण त्यात सांधा दिसतो: इथवर रॉकाबिली, इथून पुढे पंक.

मग हॅमरस्मिथच्या क्लॅरेंडन हॉटेलातला 'क्लब फूट'. १९८०च्या दशकातलं सायकोबिलीचं घरच ते. इमारत पाडली, पण 'स्टॉम्पिंग अ‍ॅट द क्लब फूट' नावाने तिथली थेट रेकॉर्डिंग्ज आहेत. ग्वाना बॅट्झ, डिमेंटेड आर गो, फ्रेंझी, सगळे सापडतील. घामाचा वास येतो अक्षरशः. तिथल्या नाचाला 'रेकिंग' म्हणतात. लांबून मारामारी वाटते, पंकच्या पिटपेक्षा हात जास्त फिरतात, पाय कमी.

आणि रॅन्सिडवाल्याला तर वेगळं दार हवंच कशाला? रॅन्सिडच्याच टिम आर्मस्ट्राँगच्या हेलकॅट लेबलवर टायगर आर्मीचा पहिला अल्बम आला १९९९ मध्ये. तिथूनच नेक्रोमँटिक्स. कोपनहेगनचा बँड, १९८९पासूनचा. त्यांचा किम नेक्रोमन आधी डॅनिश नौदलाच्या पाणबुडीवर रेडिओ सांभाळायचा. तो वाजवतो तो डबल बेस शवपेटीच्या आकाराचा आहे. तुम्हाला शवपेट्यांचा कंटाळा आलाय ते कळलं, पण ही एक बघाच.

जुनी_सुई
क्रॅम्प्स राहिले.

भुताटकी
मुद्दाम ठेवले होते, तुम्ही चिडाल म्हणून.

शब्दाची गंमत अशी: 'सायकोबिली' हा शब्द लोकांच्या कानावर पडला तो जॉनी कॅशच्या १९७६च्या 'वन पीस अ‍ॅट अ टाइम'मधून. मोटार कारखान्यातला कामगार जेवणाच्या डब्यातून एकेक सुटा भाग घरी नेतो आणि वर्षानुवर्षं जमवून गाडी उभी करतो. भाग वेगवेगळ्या सालांचे, त्यामुळे गाडी भयंकर दिसते, आणि तो तिला 'सायकोबिली कॅडिलॅक' म्हणतो. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये क्रॅम्प्सच्या लक्स इंटीरियर आणि पॉइझन आयव्ही यांनी तो शब्द आपल्या पत्रकांवर छापला. पुढे त्याचा पंथ झाला तेव्हा हेच दोघं म्हणू लागले की आम्ही त्यातले नव्हेच, ती नुसती जत्रेतल्या तंबूबाहेरची आरोळी होती.

पण ते माझ्या दृष्टीने त्यातलेच. सालं वेगवेगळी, भाग चोरलेले, गाडी मात्र पळते. त्यांचा अल्बम ऐका, 'साँग्ज द लॉर्ड टॉट अस', १९८०. मेम्फिसलाच जाऊन, सॅम फिलिप्सच्याच स्टुडिओत केलेला.

स्लॅपवाली
दोघंही नावांवर भांडताय. कर्णकटूंना झोप आली ती नावं चुकली म्हणून नाही, कान चुकीच्या जागी लावला म्हणून.

पंकमध्ये मार गिटारमध्ये असतो. कान आपोआप तिथे जातात. रॉकाबिलीत गिटार स्वच्छ आहे, म्हणून तुम्हाला वाटतं की इथे दमच नाही. दम खाली, बेसच्या लाकडात आहे. बिल ब्लॅकच्या मागे ड्रम नव्हता हे काकांनी वर लिहिलंय. मग ते गाणं ठेक्यावर धरलं कोणी? त्या लाकडानेच.

मी सहा वर्षं डबल बेस वाजवतेय, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. उजव्या हाताची दोन बोटं तारेखाली आकड्यासारखी घालायची, तार फळीपासून वर खेचायची आणि सोडून द्यायची. ती परत फळीवर आपटते. त्यात खर्जाचा सूर आणि लाकडाचा 'टक' एकदम निघतो. लगेच पंजा सपाट करून तारांवर मारायचा, 'चट'. यात सूर नाही, नुसता आवाज. टक ठेक्यावर, चट दोन ठेक्यांच्या मधे. ही झाली एकेरी स्लॅप. दुहेरीत एका सुरामागे दोन चापट्या, तिहेरीत तीन, आणि तिथून पुढे घोडा उधळल्यासारखं ऐकू येतं. सायकोबिलीत जे तुम्हाला सतत कडकडताना ऐकू आलं ना, तो ड्रम असेलच असं नाही. अर्धाअधिक बेस असतो.

पहिल्या महिन्यात माझ्या दोन्ही बोटांना पाणी भरलेले फोड आले होते. चिकटपट्टी गुंडाळून वाजवलं तर ती पट्टी घामाने सुटून तारेला चिकटली आणि पुढचा सूर 'फुस्स' असा आला. ड्रमवाला हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी होता. आता कातडी निबर झालीय. तारांचंही सांगते: आतड्याच्या तारा आवाजाला उत्तम पण महाग आणि नाजूक, म्हणून कित्येक जण गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी तार म्हणून लावतात. थट्टा नाही, खरंच. आणि मोठ्या आवाजात वाजवायचं तर पोकळ लाकूड स्पीकरचा आवाज पिऊन घुमायला लागतं, म्हणून पोटातल्या भोकांत फोम कोंबतात. पिकअप (कंप टिपून स्पीकरकडे पाठवणारे) दोन: एक घोडीखाली, सुरासाठी, एक फळीपाशी, त्या टक-चटसाठी. दुसऱ्याचा आवाज वाढवला की रॉकाबिलीचं सायकोबिली झालं, असं मी विनोदाने म्हणते, पण तो फार विनोद नाही.

तर माझं सांगणं एवढंच. चांगला हेडफोन लावा, स्ट्रे कॅट्सचं १९८०चं 'रनअवे बॉइज' लावा, आणि गिटारवाल्या ब्रायन सेट्झरकडे साफ दुर्लक्ष करा. त्याच्याकडे दुर्लक्ष करणं सोपं नाही. ली रॉकरचा बेस ऐका. ड्रमवाला स्लिम जिम फँटम उभ्याने वाजवतो, त्याच्यापुढे दोन-तीनच नग असतात, त्यामुळे बेस झाकला जात नाही. तो एकदा कानाला सापडला की मग १९५४ला जा किंवा टायगर आर्मीला, तुमची मर्जी.

रात्रपाळी
रनअवे बॉइज पाच वेळा ऐकलं. चौथ्या वेळी सापडला. आता गिटार ऐकूच येत नाहीये.

उलटा_टेप
स्लॅपवाली यांना अनुमोदन, पण गिटारवर अन्याय नको. पंक वाजवणारे या वाटेला आले की सगळ्यांची एकच चूक होते. तीनच कॉर्ड आहेत, मग काय मोठंसं, म्हणून रमोन्ससारखे सगळे फटके वरून खाली, एकसारखे मारतात. कॉर्ड बरोबर, ठेका चूक. रमोन्सचे आठ फटके समान अंतराचे असतात. इथे ते लंगडतात: लांब-आखूड, लांब-आखूड. तो लंगडेपणा म्हणजेच स्विंग. आणि सायकोबिली वेगाने पळायला लागली की लंगडायला वेळच उरत नाही, अंतरं पुन्हा समान होत जातात. म्हणून ती पंकच्या कानाला ओळखीची वाटते.

स्कॉटी मूरच्या हाताचं वेगळंच काम चाललेलं असतं. अंगठा खालच्या जाड तारांवर ठेका धरून ठेवतो, बाकीची बोटं वर चाल वाजवतात. मर्ल ट्रॅव्हिसच्या नावाने ही पद्धत ओळखतात. एकाच माणसाचे दोन माणूस होतात. बँडमध्ये तिघंच असताना ते परवडतं.

आता तो 'सन'चा, म्हणजे फिलिप्सच्या लेबलचा, आवाज. फिलिप्सकडे प्रतिध्वनीची खोली नव्हती. त्याने गाण्याचा आवाज दुसऱ्या टेप मशीनवर पाठवला. त्या मशीनचं लिहिणारं हेड आणि वाचणारं हेड यांच्यात थोडं अंतर असतं, तेवढा प्रवास करून आवाज परत आला की मूळ आवाजात मिसळायचा. टेप सेकंदाला १५ इंच पळते आणि हेडमधलं अंतर २ इंच धरलं, तर तो सुमारे १३३ मिलिसेकंद उशिरा येतो. गुहेत ओरडल्यासारखा लांबत नाही, एकदाच येऊन गालावर बसतो. स्लॅपबॅक म्हणतात ते यालाच. घरी करून बघायचं असेल तर डिले १२० ते १४० मिलिसेकंद, पुनरावृत्ती एकच, आणि गेन (आवाज फाटायला लावणारं बटण) तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा. पंकवाल्यांकडून गेन खाली होत नाही, हे अनुभवाने सांगतो. माझाही सहा महिने झाला नव्हता.

निळी_शाई
मला एक खुपतंय. युरोपातल्या रॉकाबिलीवाल्यांचे फोटो बघताना जॅकेटवर, मंचावर, अमेरिकन यादवीतल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा सारखा दिसतो. क्लॅश ऐकून मोठ्या झालेल्या माणसाने याचं काय करायचं?

जुनी_सुई
खुपायलाच हवं. तिकडच्या बऱ्याच जणांनी तो 'दक्षिणेकडचं संगीत' आणि 'बंडखोर' एवढ्याच अर्थाने शिवून घेतला, असं ते सांगतात. सांगोत बापडे. गुलामगिरी टिकवायला लढलेल्यांचा झेंडा आहे तो. आणि तो लावून वाजवतात काय, तर क्रुडपचं गाणं. 'मिस्टरी ट्रेन' आधी ज्युनियर पार्करचं, १९५३चं, त्याच स्टुडिओतलं. वर मी ज्या 'ट्रेन केप्ट अ-रोलिन'चं कौतुक केलं तेसुद्धा मुळात टायनी ब्रॅडशॉचं, १९५१चं. तिघेही कृष्णवर्णीय. झेंडा लावणाऱ्याला आपण काय वाजवतोय ते ठाऊक नाही, इतकाच त्याचा अर्थ मी घेतो. हल्ली पुष्कळ ठिकाणी तो आत येऊ देत नाहीत, बरंच आहे.

भुताटकी
सायकोबिलीत 'राजकारण दाराबाहेर' असा अलिखित नियमच होता. त्या काळी लंडनमध्ये पंक आणि स्किनहेडच्या कार्यक्रमांत उजवे-डावे अशा हाणामाऱ्या व्हायच्या, त्याला विटून लोक भुताखेतांच्या गाण्यांकडे वळले. मला कारण समजतं. नियम पटत नाही, कारण नको ते लोकही त्याच दाराने आत येऊन शांतपणे उभे राहतात. आणि एक इशारा: काही बँडच्या गाण्यांत बायकांना मारण्या-कापण्याचं जे चालतं ते 'भयपटाची गंमत' म्हणून मला सोडून देता येत नाही. मी ती गाणी पुढे ढकलतो.

स्लॅपवाली
मीही. आणि त्याच खोलीत पॉइझन आयव्ही होती हे विसरू नये. क्रॅम्प्सची गिटार तिची, पुढे निर्मितीही तिची. हॉररपॉप्सची पॅट्रिशिया डे एकाच वेळी गाते आणि डबल बेस बडवते. ते किती कठीण आहे ते मला विचारा. तोंड एका ठेक्यात, हात दुसऱ्या.

रात्रपाळी
केस तसे उभे करावे लागतात का?

भुताटकी
नाही. पण करून बघाल.

कर्णकटू
तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय. सगळं आज्ञाधारकपणे ऐकलं. हिशेब देतो.

जॉनी बर्नेट: पहिल्या दहा सेकंदांत खलास. 'रंबल' गाडीत लावू नये, वेग वाढतो. वांडा जॅक्सनबद्दल काकांची माफी मागतो. कॉक्रन आवडला, पण तो एकविसाव्या वर्षी इंग्लंडमध्ये मोटार अपघातात गेला हे वाचल्यापासून 'समरटाइम ब्लूज' पहिल्यासारखं हसत ऐकता येत नाही. जीन व्हिन्सेंटही स्वतःहून शोधला, त्याच गाडीत होता म्हणून. त्याची पळणारी गाणी जबरी, संथ गाण्यांना परत डुलकी.

मीटिऑर्स आवडायला तीन दिवस लागले. टायगर आर्मी लगेच आवडला, आणि लगेच कमीही झाला, का ते सांगता येत नाही. डिमेंटेड आर गोचा गायक गाताना जणू खडी चावतो, तो मात्र डोक्यातून जात नाही. शवपेटीचा बेस बघितला. मानलं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कान खाली गेले. परवा 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' पुन्हा लावलं आणि पहिल्यांदा क्लॅशचा बेसवाला सायमनन काय करतोय तिकडे लक्ष गेलं. साधा इलेक्ट्रिक बेस आहे, टक-चट काही नाही, पण चाल तीच, एकेक पायरी चढत जाणारी.

आता तक्रार. स्लॅपवाली, तुम्ही म्हणालात बेस ऐका. मी परवा रात्री हेडफोन लावून क्रॅम्प्सचा तो १९८०चा अल्बम घेऊन बसलो. तासभर बेस शोधला. आवाज वाढवला, खर्ज वाढवला, एका गाण्यात सापडला असं वाटलं तर तो शेजारच्यांनी भिंतीवर मारलेला दणका निघाला. कुठे आहे तो?

स्लॅपवाली
नाहीये. :)

त्या काळात क्रॅम्प्समध्ये बेस वाजवणारं कोणीच नव्हतं. आयव्हीची गिटार, ब्रायन ग्रेगरीची फझने भरलेली दुसरी गिटार, आणि निक नॉक्सचे ड्रम. खालचा मजलाच बांधला नव्हता, म्हणून तो आवाज तसा अधांतरी वाटतो. सांगायला हवं होतं, चुकलं माझं. १९८६चा 'अ डेट विथ एल्व्हिस' लावा. त्यावर आयव्हीनेच गिटारसोबत बेसही वाजवलाय.

रात्रपाळी
मीही दोन रात्री शोधत होतो. मला वाटलं माझा हेडफोन गेला.